चेहऱ्याचा सातबारा

पूर्वीच्या हिंगणे बुद्रुकात, म्हणजे आताच्या कर्वेनगरात, अर्ध्या गुंठ्याचाही सातबारा निघतो. कब्जेदार कोण, इतर हक्कांत कोण, बोजा कुणाचा, सगळं कागदावर. तो तुकडा विकायला काढून बघा. चुलत चुलत्याचा जावईसुद्धा हिस्सा मागायला दारात. माणसाच्या चेहऱ्याचं मात्र उलटं आहे. केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत वीतभर जागा, तिच्यात पाच खातेदार. आणि ती जागा फुटली की पाचही जण हात वर करतात: हा गट नंबर आमच्याकडे येत नाही.

खातेफोड अशी. डोळे नेत्रतज्ज्ञांचे. नाक कान-नाक-घसावाल्यांचं. कातडी प्लास्टिक सर्जनची. कपाळाच्या मागे जे काही असेल ते न्यूरोसर्जनचं. वरचा-खालचा जबडा मॅक्सिलोफेशियल सर्जनचा. हे नाव ऐकून निम्म्या पुण्याला ते नव्या टूथपेस्टचं वाटतं. गालाचं हाड सामाईक. त्यावर तिघे दावा सांगू शकतात, म्हणून रात्री अकरानंतर एकही सांगत नाही.

पुण्यात डॉक्टर कमी आहेत म्हणावं, तर तसंही नाही. कर्वे पुतळ्यापासून वारज्याकडे संध्याकाळी नुसत्या पाट्या वाचत चाला. स्माइल डिझायनिंग. हेअर ट्रान्सप्लांट. त्वचा उजळवणे. लग्नाआधी दोन महिन्यांचं पॅकेज, नवरा-नवरीला एकत्र सवलत. चेहरा खुलवून देणारे सतराशे साठ, सगळे एअर कंडिशन्ड, हप्त्यांची सोय. मोडलेला चेहरा जोडून देणाराही याच शहरात राहतो, चांगला शिकलेला असतो, हाताला गुण असतो. फक्त तो कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या वारी, किती वाजता सापडेल हे सांगणारी पाटी नाही. ते ज्ञान आपल्याकडे मौखिक परंपरेने चालतं: 'आमच्या मावसभावाच्या वेळी एक चांगले डॉक्टर होते, थांबा, नंबर शोधून देतो.'

समजा, तुमचा भाचा आहे. रात्री साडेदहाला कमिन्स कॉलेजच्या रस्त्याने स्कूटरवरून येतोय. मुलींच्या कॉलेजच्या रस्त्यावर त्या वेळी त्याचं काय काम होतं, हा वेगळा विषय. तो त्याच्या आईला हाताळू द्या. रस्त्यावर काल नसलेला गतिरोधक आज आहे आणि त्यावर पट्टे मारायचं काम दुसऱ्या निविदेत आहे. भाचा उडतो आणि हनुवटीवर आपटतो. हेल्मेट आहे, पण अर्धं. पावती फाटू नये म्हणून घेतलेलं, हनुवटी वाचवायला नव्हे. हनुवटी फाटली, पुढचा एक दात निखळून रस्त्यावर पडला, तोंडातून रक्त.

लोक धावतात. याबाबतीत पुण्याला नावं ठेवायला जागा नाही. एक जण पाणी पाजतो. पाणी पाजणं हा आपला राष्ट्रीय प्रथमोपचार आहे. दुसरा सांगतो, 'उताणा झोपवा रे त्याला, आराम पडू दे.' दोघांचा हेतू सोन्यासारखा आणि दोघांचाही सल्ला जिवावर उठणारा. खालचा जबडा मोडला की जिभेचा आधार जातो. उताणं झोपवलं तर जीभ मागे पडते आणि रक्त घशात उतरतं. शुद्धीवर असेल आणि मान ठीक असेल तर पुढे वाकवून बसवायचं, रक्त बाहेर पडू द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर मान न वळवता, डोकं आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर करायचं. तोंडावाटे काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. पुढे भूल द्यावी लागली तर ते पाणी आडवं येतं. तिसरा माणूस व्हिडिओ काढत असतो. त्याला १०८ लावायचं काम द्या. हात रिकामे नसतील तर माणूस शहाणा होतो.

रिक्षा मिळते. जवळच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत तुम्ही पोचता. काच, काचेला अर्धचंद्राकृती भोक, भोकापलीकडे एक तरुण.

"पेशंटचे कोण आपण?"

"मामा. अहो, जरा लवकर..."

"गाडीवरून पडले का? मग एमएलसी होणार काका, म्हणजे पोलीस केस. चौकीला कळवलंय?"

"रक्त थांबत नाहीये हो."

"सिस्टर बघतायत ना. आधार कार्ड आणलंय? मेडिक्लेम आहे का? कंपनी कुठली? कॅशलेसला विम्याच्या टीपीएचं माणूस सकाळी येतं. आत्ता डिपॉझिट भरून फाईल करून घ्या."

तरुणाचा दोष नाही. त्याला बारा तासांची ड्युटी, तुटपुंजा पगार आणि वरून आलेला एक छापील फॉर्म आहे. फॉर्ममध्ये 'रक्त' असा रकाना नाही.

आत ड्युटीवरचा डॉक्टर, आरएमओ, भला माणूस निघतो. हनुवटी धुतो, सहा टाके घालतो, धनुर्वाताचं इंजेक्शन देतो, डोक्याचं सीटी काढतो. डोकं नॉर्मल! सगळ्यांचे जीव भांड्यात पडतात. 'सकाळी ओपीडीत सरांना दाखवा.' घरी बहीण दृष्ट काढते.

सकाळी भाचा चहात बुडवलेली खारी चावायला जातो आणि कळतं, वरचे दात खालच्या दातांवर बसतच नाहीत. मागच्या दाढा टेकतात, पुढे फट राहते. तोंड दोन बोटं उघडत नाही. कानाच्या पुढे दाबलं की कळ.

हनुवटीवर आपटलेल्या माणसाचं हाड पुष्कळदा हनुवटीला मोडतच नाही. तो दणका जबड्याच्या कमानीतून वर चढतो आणि कानापुढच्या सांध्याची मान मोडतो, कधी एका बाजूची, कधी दोन्ही. रक्त खाली, फ्रॅक्चर वर. टाके घालणाऱ्याची नजर रक्तावर. डोक्याचं सीटी काढताना मशीन जबड्याच्या वरच थांबलेलं असतं. लहान मुलांत हे सुटलं तर सांधा आखडतो, तोंड उघडेनासं होतं आणि जबड्याची वाढ खुंटते. दोन वर्षांनी आई सांगते, 'पाळण्यावरून पडला होता, पण तेव्हा हनुवटीला नुसती खोक होती हो.' म्हणून हनुवटीला टाके पडले की एक प्रश्न विचारायचाच: दात नीट बसतायत का? याला मशीन लागत नाही, डिपॉझिट लागत नाही. चावून बघायचं.

मग फेरी सुरू होते. ओपीडीतले सर म्हणतात, ईएनटीला दाखवा. ईएनटी म्हणतात, नाक उत्तम आहे, आमच्या बाजूने ओके. प्लास्टिक सर्जन टाके बघून समाधान व्यक्त करतात. न्यूरोचं ओपिनियन येतं: झोप झाली की बरं वाटेल. प्रत्येकाची फी वेगळी, पावती वेगळी, आणि प्रत्येकाने आपापली जागा मोजून 'निरंक' असा शेरा मारलेला. भाचा तीन दिवसांपासून पेज पितोय. अखेर कुणीतरी म्हणतं, अहो, याला मॅक्सिलोफेशियल लागेल. हे कोण? तर दाताच्या शिक्षणातले. बीडीएस करून पुढे तीन वर्षं एमडीएस, तोंड-जबडा-चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत.

"दाताचा डॉक्टर?" तुमची बहीण फोनवर किंचाळते. "अरे, त्याचा जबडा मोडलाय, दाढ नाही दुखत!"

बहिणीला दोष देऊ नका. ब्रिटिश सैन्यालाही हे कळायला महायुद्ध लागलं. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्यांचे चेहरे गोळ्यांनी आणि तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी उडत होते. फ्रान्समध्ये चार्ल्स व्हॅलाडिए नावाचा दंतवैद्य आपल्या रोल्स रॉइसमध्ये दातांची खुर्ची बसवून फिरत होता आणि फुटलेले जबडे सांधत होता. पण तो पडला दातवाला. त्याच्या शस्त्रक्रियांवर देखरेखीला 'खरा' डॉक्टर हवा म्हणून हॅरल्ड गिलीज या न्यूझीलंडच्या कान-नाक-घसा सर्जनला नेमलं. देखरेख करायला गेलेला गिलीज शिकून परत आला, आणि त्याने १९१६ साली आल्डरशॉटच्या लष्करी रुग्णालयात फक्त चेहऱ्याच्या जखमींसाठी वॉर्ड मागून घेतला. त्यात दंतवैद्य आणि सर्जन एकाच टेबलाशी उभे राहिले.

वॉर्ड मिळाला, पण जखमी तिथे पोचणार कसे? आघाडीवरून जखमी जहाजाने इंग्लंडला यायचे आणि जिथे खाट रिकामी तिथे जायचे. गिलीजने खात्याच्या परिपत्रकाची वाट बघितली नाही. स्वतःच्या खिशातले दहा पौंड घालून त्याने दुकानातून सामानाला बांधायच्या चिठ्ठ्या आणल्या, त्यांवर आपल्या हॉस्पिटलचा पत्ता घातला आणि त्या आघाडीवर वाटायला दिल्या. चेहरा फुटला की अंगावर ही चिठ्ठी टोचायची. काही दिवसांत चिठ्ठ्या लावलेले जवान बरोबर दारात येऊ लागले. त्या जुलैत सोमच्या लढाईनंतर तर दोनशेंची तयारी असताना दोन हजार आले. पुढच्या वर्षी सिडकपला वेगळं हॉस्पिटलच उभं राहिलं.

शंभरेक वर्षं होऊन गेली. खिशात मोबाइल, मोबाइलमध्ये नकाशा, नकाशात पिझ्झावाला आत्ता कुठल्या वळणावर आहे तेही दिसतं. कर्वेनगरातल्या जखमीच्या अंगावर लावायला ती चिठ्ठी मात्र अजून छापायची आहे.

मोडका चेहरा जोडण्यात पुण्याची ख्याती तर गिलीजच्याही सव्वाशे वर्षं आधीची. १७९२च्या टिपूबरोबरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा कुणबी टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापून सोडून दिलं. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने त्याला नवं नाक करून दिलं. होय, वीट भाजणाऱ्या जातीतल्या माणसाने. हा सगळा वृत्तान्त ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आला, आणि तशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी बघितल्याची साक्ष मुंबई इलाख्यातल्या दोन गोऱ्या डॉक्टरांनी दिली.

कृती वाचण्यासारखी आहे. मेणाचं पातळ पान घेऊन नाकाच्या थोटावर बसवून मापाचं नाक करायचं. ते उलगडून कपाळावर सपाट ठेवायचं, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन भुवयांच्या मधली एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती कातडी पिळून खाली आणायची आणि नाकाच्या जागी खाचेत बसवायची. वरून पाण्यात भिजवलेला काथ फडक्याच्या पट्ट्यांवर पसरून लावायचा. पानात घालतो तोच काथ. चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, भोकं बुजू नयेत म्हणून. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. नाक पक्कं बसतं, असं लिहिणाऱ्याने शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलंय. ते वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने वीस वर्षं अभ्यास केला, १८१४मध्ये तशी शस्त्रक्रिया केली, १८१६मध्ये पुस्तक काढलं, आणि कपाळाच्या कातडीचं नाक ही 'भारतीय पद्धत' म्हणून जगभरच्या प्लास्टिक सर्जनच्या वहीत गेली. आजही आहे.

गिऱ्हाइकाचं नाव छापलं, साक्षीदारांची नावं छापली, लंडनच्या सर्जनचं नाव झालं. ज्याने नाक केलं त्याचं नाव कुणी विचारलं नाही. त्याची जात तेवढी नोंदवून घेतली. ही सवय आपली जुनीच.

तेव्हा कावसजीला वर्षभर बिननाकाचं राहावं लागलं, याचं फार आश्चर्य वाटायला नको. कारागीर पुण्याजवळच होता आणि हातखंडा होता. दोघांची गाठ पडायची तेवढी बाकी होती. २३० वर्षांनी विद्येच्या माहेरघरातली अडचण तीच आहे, फक्त काथाऐवजी टायटॅनियमच्या प्लेट आल्या आणि मधे एक काचेचं भोक आलं.

आता त्या भोकाबद्दल. 'आधी पोलीस, मग उपचार' हे वाक्य ज्या कुणी कॅज्युअल्टीत पाठ करून ठेवलंय, त्याला १९८९ सालातून अजून कुणी बाहेर काढलेलं नाही. त्या वर्षी २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निकाल दिला. प्रकरण स्कूटरचंच होतं. गाडीने उडवलेल्या स्कूटरस्वाराला जवळच्या हॉस्पिटलात नेलं. त्यांनी सांगितलं, पोलीस केस आमच्याकडे होत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या हॉस्पिटलात न्या. माणूस वाटेत गेला. न्यायालयाने बजावलं: डॉक्टर सरकारी असो की खासगी, आधी जीव, कागद नंतर. पोलिसांना कळवणं हे हॉस्पिटलचं काम आहे, रक्ताने माखलेल्या मामाचं नव्हे.

आणि 'बेड नाही' याचाही निकाल लागलाय. १९९२मध्ये बंगालात हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेतून पडला, डोक्याला जबर मार. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगीत सतरा हजार मोजून जगला. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला त्याला पंचवीस हजार द्यायला लावले आणि वेळेवर उपचार न मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. जखमीला आणून सोडणाऱ्याने नाव सांगायचीही सक्ती नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ला तसं कलमच घातलं. ५ मे २०२५ला केंद्राची योजना आली: रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार विनामूल्य. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका गरोदर महिलेच्या मृत्यूनंतर पुण्यात डिपॉझिटवरून रान उठलं, तेव्हा एरंडवण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने तातडीच्या रुग्णांकडून यापुढे डिपॉझिट घेणार नाही असं जाहीर केलं. जाहीर करावं लागलं, यातच काय ते आलं. कायदा पस्तीस वर्षांचा बाप्या झाला होता.

हॉस्पिटलवाल्यांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. रात्री दोनला ज्याला बोलवायचं तो सर्जन तीन हॉस्पिटलांत 'ऑन कॉल' असतो. एका ठिकाणी ऑपरेशन थिएटरात असला की उरलेल्या दोघांकडे नसतो. मध्यम हॉस्पिटलला हा माणूस कायम पगारावर परवडत नाही. बिल बुडवून जाणारे असतात, आणि पेशंटला काही झालं तर काचा फोडणारेही असतात. सगळं मान्य. पण मग खरं सांगा की. 'आमच्याकडे हा माणूस रात्री नाही, अमुक ठिकाणी आहे, रक्त थांबवतो, श्वासाची नळी बघतो, फोन करून पाठवतो.' एवढं सोळा शब्दांचं वाक्य बोलायला एमडी लागत नाही. त्याऐवजी ऐकू येतं, 'सर येतीलच.' 'सर येतीलच' या दोन शब्दांवर पुण्यात किती रात्री उजाडल्या आहेत ते नातेवाइकांना विचारा.

वेळेवर म्हणजे किती वेळात, याचाही घोळ आहे. आपल्याकडे सगळ्याची एकच घाई, नाहीतर सगळ्याची एकच टाळाटाळ. चेहऱ्याची गंमत अशी की त्याच्या घड्याळात काटे पुष्कळ आहेत. श्वासाला मिनिटं. डोळ्यामागे रक्त साचून डोळा दगडासारखा पुढे आला आणि दिसणं कमी झालं, तर तासा-दीड तासाच्या आत दाब सोडवला नाही तर ती नजर गेली. फुटलेल्या डोळ्यावर मात्र बोटही लावायचं नाही, दाबायचं तर अजिबात नाही. निखळलेला दात अर्ध्या तासात परत बसवला तर जगण्याची शक्यता चांगली. मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरायचा, नळाखाली घासायचा नाही, दुधात टाकून न्यायचा. दूध गायीचं की म्हशीचं यावर सोसायटीच्या गेटवर चर्चा नको. आणि दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवायचा नसतो.

नाकाच्या मधल्या पडद्यात रक्ताची गाठ धरली तर एका दिवसात काढावी लागते, नाहीतर कूर्चा मरते आणि नाक मधेच खचतं. मूल खेळताना डोळ्यावर चेंडू लागला, डोळा वरून पांढरा-स्वच्छ दिसतो, पण वर बघता येत नाही आणि उलट्या होतायत. याला डोक्याचा मार समजून ठेवून घेतात. डोळ्याखालच्या तडकलेल्या हाडात स्नायू अडकलेला असतो आणि एक-दोन दिवसांत सोडवला नाही तर कायमचं दुहेरी दिसतं. गालावर खोल वार असेल, मांजाने म्हणा, काचेने म्हणा, तर टाक्यांच्या आधी आणि बधिर करण्याच्या आधी 'हसा बघू, डोळे घट्ट मिटा बघू' म्हणणारा डॉक्टर शहाणा. कारण तुटलेली चेहऱ्याची नस तीन दिवसांच्या आत शोधणं सोपं; नंतर तिची टोकं ओळखू येत नाहीत. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ला बंदी घातली आहे. तो मिळतो कुठे, हे मात्र संक्रांतीत दहा वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

आणि ज्याची सगळ्यांना घाई असते, तो मोडका जबडा? श्वास ठीक असेल, रक्त थांबलं असेल तर तो काही दिवस थांबतो. सूज उतरू देऊन, अँटिबायोटिक चालू ठेवून, बघून-सवरून प्लेट घालता येतात. मोडलेलं नाकही आठवड्याभरात बसवता येतं. म्हणजे भाच्याची शस्त्रक्रिया तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाली तर आकाश कोसळत नव्हतं. पहिल्या तासात 'इथे काय मोडलंय आणि ते कोण जोडणार' हे कळायला हवं होतं, आणि नेमकं त्यालाच तीन दिवस लागले. घाईने इस्टिमेटवर सही करणाऱ्या आणि घाईने दागिने सोडवायला निघणाऱ्या नातेवाइकांना हे कुणी सांगत नाही. शांत माणूस दुसरं मत घेतो ना.

हेल्मेटचा विषय काढला की पुण्यात मैत्र्या तुटतात, म्हणून थोडक्यात. १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्ती सुरू केली, तेव्हा विरोधात कृती समिती होती. पाणी नाही म्हणून कृती समिती होत नाही, पण डोकं झाकायला लावलं म्हणून झाली. असो. विरोध करायचा तर जरूर करा, तो आपला सांस्कृतिक हक्क आहे. घालायचं ठरलं तर हनुवटीपर्यंत येणारं घाला. अर्धं हेल्मेट कवटीपुरतं बोलतं, आणि वर म्हटल्याप्रमाणे कवटी न्यूरोसर्जनची. जबडा त्याच्या हद्दीत येत नाही.

महापालिकेकडे मागणं फार मोठं नाही. नवं हॉस्पिटल नको, कोनशिला नको, नेत्यांची वेळ घ्यायला नको. शहरातल्या हॉस्पिटलांनी रोज संध्याकाळी सहाला कळवायचं: आज रात्री आमच्याकडे चेहऱ्याचं काम करणारा कोण, डोळ्याचा कोण, सीटी चालू की बंद. ती यादी १०८ला द्यायची, पोलीस चौकीत लावायची, मोबाइलवर टाकायची. पार्किंगच्या पावतीसाठी ॲप निघतं त्या शहरात हे निघेल. यादीत खोटं लिहिणाऱ्या हॉस्पिटलच्या दारावर ती यादी मोठी करून लावायची.

ते होईपर्यंत वाचकहो, या रविवारी जेवण झाल्यावर वामकुक्षीआधी दहा मिनिटं काढा. घराजवळच्या तीन हॉस्पिटलांना फोन लावा आणि सरळ विचारा: रात्री बाराला जबडा फुटलेला पेशंट आणला तर मॅक्सिलोफेशियल सर्जन येतो का, किती वेळात येतो, रात्री चेहऱ्याचं सीटी निघतं का, अपघाताच्या दीड लाखाच्या योजनेत तुम्ही आहात का? राजाराम पुलापलीकडे धनकवडीला आणि वडगावला दंत महाविद्यालयं आहेत, तिथे या शाखेचा विभाग असतो. त्यांनाही रात्रीची सोय विचारून ठेवा. 'सर येतीलच' म्हणतील त्यांच्या नावावर फुली मारा. ज्यांनी नीट उत्तर दिलं त्यांचं नाव आणि नंबर फ्रिजवर लावा, घरातल्या तरुण मंडळींच्या मोबाइलमध्ये टाका, आणि सोसायटीच्या वॉचमनलाही द्या. रात्री साडेदहाला रस्त्यावर बहुतेक तोच पहिला पोचतो.